काटी लावलेलं दार

फॉर्म भरताना मला मोठ्यानं बोलायची सवय आहे. घरोघर जाऊन पाहणी करायचं काम मी वीस-बावीस वर्षं करते आहे. आधी कागद होते, आता टॅब आला, पण तोंड काही बंद झालं नाही. "माणसं पाच. पाणी बोअरिंगचं. शौचालय आहे, वापरत नाहीत. पुढे." असं पुटपुटल्याशिवाय माझं बोट चालत नाही. सापगावला घरी सगळे मला यावरून चिडवतात. भाजी फोडणीला टाकतानाही मी "मोहरी टाकली, पुढे" म्हणते, असं माझ्या लेकीचं म्हणणं आहे. ते खोटं आहे, पण फार खोटं नाही.

मुंबईची एक संस्था आहे, ती शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आरोग्याच्या पाहण्या करते. कोण आजारी पडलं, दवाखान्यात कोण गेलं, कोण गेलं नाही, का गेलं नाही, हे आम्ही निवडलेल्या गावापाड्यांतल्या प्रत्येक घरी जाऊन विचारतो. मी त्यात पर्यवेक्षक होते. म्हणजे चार मुलींचं काम बघायचं आणि लांबचे पाडे स्वतः करायचे. माझे फॉर्म मुंबईहून कधी परत येत नसत. एकही रकाना रिकामा नाही, एकही आकडा विसंगत नाही. याचा मला फार तोरा होता आणि तो मी लपवतही नसे.

तीन हिवाळ्यांमागे संस्थेच्या साहेबांचा फोन आला. मलावीहून एक संशोधक बाई सहा आठवड्यांसाठी येणार, त्या आपलं काम बघतील, तुम्ही त्यांच्याबरोबर फिरा. मलावी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, आफ्रिकेत, मोठ्या सरोवराच्या काठचा देश. तिथल्या तीन-चार देशांत या बाईंनी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा शोध घेतला आहे: दोघांना एकच आजार असताना एकाला उपचार मिळतो आणि दुसरा घरीच राहतो, हे कुठे ठरतं, कोण ठरवतं आणि ते न्यायाचं कसं करता येईल. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर नाक मुरडलं. आता आफ्रिकेतून माणसं येऊन आम्हाला शिकवणार का, असं माझ्या मनात आलं. ते कसं वाटतं हे मला कळतं, पण आलं ते आलं. अमेरिकेहून गोरी बाई येणार असती तर मी नवी साडी काढली असती, हेही खरं आहे.

त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे पाठीवरची एक पिशवी आणि एक छत्री होती. पाऊस नव्हता, तरी छत्री. चांगल्या उंच, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असाव्यात, कानशिलांवर पांढरे केस. शहापूरला एका वाण्याच्या दुकानावरची खोली त्यांना घेऊन दिली होती. इंग्रजी त्या सावकाश बोलायच्या, मला झेपेल अशी, आणि माझं इंग्रजी अडलं की वाक्य पुरं करून न देता थांबायच्या. हे थांबणं मला पहिल्याच दिवशी आवडलं. माझं वाक्य मोडकं असलं तरी ते माझंच राहायचं.

खर्डीहून पहिल्यांदा रिक्षानं निघालो, तर रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "यांच्या आफ्रिकेत भाषा कुठली बोलतात?" मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी गंभीर चेहरा करून मला उलट विचारायला सांगितलं, की तुमच्या आशियात कुठली बोलतात? रिक्षावाल्यानं वळण पार करेपर्यंत विचार केला आणि म्हणाला, "मराठी." आम्ही तिघंही हसलो, आणि रिक्षावाला तर पोचल्यावर पैसे घेतानाही हसत होता.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. लोक टक लावून बघायचे. एका गावात एका छोट्या मुलीनं सरळ त्यांच्या केसांत हात घातला आणि बाया खिदळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई वाकल्या आणि त्यांनी मुलीला पुरतं चाचपू दिलं. परतताना मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, मला रोज वाकता येतं असं नाही, काही दिवशी राग येतो, आज आला नाही इतकंच. त्यांचं हे सरळ बोलणं ऐकून मला त्यांच्याशी बोलायची भीड उरली नाही.

एका घरी नाचणीची भाकरी पुढे आली. बाईंनी भाकरीचा तुकडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, हे धान्य माझी आजी पेरायची. आमच्याकडे त्याची पेज होते. मग त्या आणि घरची बाई नाचणी कशी पेरतात, कापतात आणि मळतात यावर माझ्यामार्फत अर्धा तास बोलल्या. मध्ये आजाराचा एकही प्रश्न नाही. मी घड्याळाकडे बघत होते, त्या वेळात माझी दोन घरं झाली असती. पण निघताना घरच्या बाईनं आपण होऊन सांगितलं, की तिच्या अंगावर सहा महिने जातं आहे आणि तिनं ते कोणाला बोलून दाखवलेलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वी त्याच बाईपुढे "तक्रार नाही" असं लिहिलेलं होतं.

त्यांची कामाची रीत निराळी होती. एका दवाखान्यात आम्ही गेलो, तिथे मला नेहमीसारखी आतली खुर्ची मिळाली. बाई आत आल्याच नाहीत. त्या फाटकाबाहेर, जिथून लोक परत फिरतात त्या वाटेवर, छत्री उघडून बसल्या. तेव्हा मला छत्रीचा उपयोग कळला. केसपेपर बंद झाल्यावर जे आले आणि परत निघाले त्यांना त्या विचारत होत्या: घरून कधी निघालात, कशानं आलात, आता परत कधी याल? डोंगराकडची पहिली एसटी येईपर्यंत इथला नंबर संपलेला असायचा. मी बावीस वर्षं त्या एसटीनं जाते-येते, मला हे ठाऊक होतं, पण कुठल्या रकान्यात ते कधी लिहावंसं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही असंच होतं. सकाळी दारात चिठ्ठ्या वाटायचे, आधी येईल त्याला आधी चिठ्ठी. सगळ्यांना हा अगदी सरळ न्याय वाटायचा. पण जवळ राहणारा आधी येणारच आणि सहा तास चालून येणारी बाई शेवटी येणारच. मग त्यांनी दोन वर्षं घालवून हे मोजलं आणि मांडलं, तेव्हा काही दवाखान्यांनी थोड्या चिठ्ठ्या लांबच्यांसाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. इतकीशी गोष्ट. ती सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, बाई, तुझ्यासारखं काम आपल्या हातून झालं असतं तर किती बरं झालं असतं. मी ते बोलले नाही. कौतुक करायला मला वेळ लागतो.

चौथ्या आठवड्यात त्यांनी माझे फॉर्म मागितले. सिद्धगडाच्या पायथ्याकडचा, तीन वर्षांपासून पाहणीत असलेला एक पाडा मी त्या येण्याआधीच पुरा केला होता. टॅबवर बोट फिरवत त्या एका जागी थांबल्या. पाड्यातल्या नऊ घरांपुढे लिहिलं होतं, "घर बंद. भेटी तीन."

"ही माणसं कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वीटभट्टीवर. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथे सगळ्यांनाच माहीत आहे. मग त्यांनी फारसं महत्त्व न देता विचारलं, की तीनदा गेला होतात ना? मी "हो" म्हटलं.

मी एकदाच गेले होते. नियम असा आहे, की घर बंद दिसलं तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं आणि मगच "बंद" म्हणून फॉर्म मिटवायचा. बाहेरून आलेली नवी मुलगी तीनदा गेली असती, कारण तिला काहीच माहीत नसतं. मला माहीत होतं. पाडा भट्टीवर गेला की गेला, मग दोन तास पायपीट पुन्हा कशाला? दरवर्षी मी एकदा जायची, आणि उरलेल्या दोन तारखा घरी बसून भरायची. याला मी खोटं समजत नव्हते. मी याला अनुभव म्हणत होते.

बाई म्हणाल्या, उद्या तिथे जाऊ या. नाही म्हणायला मला कारण सुचेना.

जीप पायथ्याशी राहिली आणि आम्ही वर चाललो. पाडा शांत होता. शेताकडून दोन-तीन घरांतल्या बायांचे आवाज येत होते, बाकीची दारं लागलेली. त्या दारांवर काटी होती. करवंदीची नाहीतर बोरीची काटेरी फांदी तोडून दारावर आडवी बांधतात, तिला आमच्याकडे काटी म्हणतात. इथल्या घराला कुलूप नसतं. काटी दिसली की घरात कोणी नाही असं समजायचं. मी बाईंना तसं समजावून सांगितलं, जरा ठसक्यातच, कारण मनात धाकधूक होती.

त्यांनी विचारलं, काटी कोणाला अडवते? मी म्हटलं, कुत्री, शेळ्या. त्या म्हणाल्या, रिकाम्या घरात शेळी काय खाणार? मला राग आला. मी म्हटलं, भिंती कुडाच्या असतात, शेळ्या त्या उपटतात, तुम्हाला इथलं माहीत नाही. त्यांनी मान डोलावली, की खरंच माहीत नाही. आणि घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या.

मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. त्या मराठीत बोलत होत्या. "घरात कोण कोण आहे?" हा आमच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न. माझ्या तोंडून तो दिवसातून पंचवीसदा ऐकून त्यांना पाठ झाला होता. दार उघडं असेल तरच मी तो विचारते. त्यांनी तो बंद घराला विचारला.

आतून कोणीतरी खाकरलं.

मी धावत मागे गेले. परसदाराला फक्त एक गोणपाट लावलेलं होतं. दाराशी टोप धुऊन पालथा घातला होता आणि त्याखालची माती ओली होती. गोणपाट बाजूला सारून एक म्हातारी भिंतीला धरून उभी होती, लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले, आणि दोन्ही डोळ्यांत पांढरं साकळलेलं. पाहणी करता करता जे थोडंफार शिकले त्यावरून मला तो मोतीबिंदू दिसत होता, चांगलाच पिकलेला.

आम्ही आत बसलो. मी विचारत गेले, ती सांगत गेली. मुलगा, सून, नातवंडं भट्टीवर. शेजारीण पाणी भरून देते, तांदूळ डब्यात आहे, चूल ती अंदाजानं पेटवते. पुढच्या दाराला काटी मुलगाच बांधून जातो, कारण कुत्रं आत शिरलेलं तिला दिसत नाही. एकदा शिरलं होतं आणि शिजवलेला भात गेला होता. उजव्या डोळ्यानं काही नाही. डाव्यानं दार उघडं आहे की लावलेलं इतकं कळतं.

"कधीपासून, आजी?"

"तीन वरसां झाली," ती म्हणाली. "आधी धुकट दिसायचं. मंग त्ये पन नाय."

तीन वर्षांत मी त्या पाड्यात तीनदा येऊन गेले होते. आमच्या पाहणीतून ज्यांची नजर अधू आहे त्यांची यादी निघते, आणि त्या यादीवरून एका डोळ्यांच्या शिबिराची गाडी येऊन माणसांना फुकट शस्त्रक्रियेला घेऊन जाते. यादीत नाव असेल तर गाडी घराजवळच्या रस्त्यापर्यंत येते. नाव नसेल तर शिबिर कुठे आहे हे कळतही नाही. त्या वर्षीची यादी गेलेली होती, तिच्यात बदल करायला चार दिवस उरले होते. आणि या घरापुढे मी माझ्या हातानं "बंद" लिहून मिटवलं होतं. मिटवलेला फॉर्म पुन्हा उघडायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, तीन भेटी कशा झाल्या आणि माणूस कसं दिसलं नाही याचं.

उतरून जीपपाशी पोचल्यावर मी सांगून टाकलं, की तीनदा नाही, एकदाच गेले होते. दरवर्षीच. बाई म्हणाल्या, हो, मला काल वाटलंच होतं. मग मी भडकले. म्हटलं, तुम्ही दोन आठवड्यांनी विमानात बसाल. मला इथे राहायचं आहे, याच लोकांत काम करायचं आहे, माझं नाव गेलं तर मला दुसरं काय येतं? त्या म्हणाल्या, बरोबर आहे. असू दे, चालतं, होतं असं, यातलं त्या काहीच म्हणाल्या नाहीत. मी त्याची वाट बघत होते.

दगडावर बसून त्यांनी मग स्वतःचं सांगितलं. त्यांचं पहिलं मोठं संशोधन होतं. त्या महिनोन्महिने दवाखान्यांत बसून येणाऱ्या बायांना विचारत होत्या, की तुम्हाला नीट वागवलं का, औषध मिळालं का. बहुतेकींनी हो सांगितलं. त्यावर त्यांनी अहवाल लिहिला, की आमच्याकडे आता कोणी मागे राहिलेलं नाही. टाळ्या पडल्या, मोठी जागा मिळाली. तो अहवाल कौतुकानं गावी नेऊन मावशीला वाचून दाखवला. मावशी सरोवराकाठी मासे सुकवायची, तिचा एक पाय सुजलेला होता आणि ती कुठल्याच दवाखान्यात कधी पोचलेली नव्हती. ती म्हणाली, जे पोचले त्यांनाच तू विचारलंस ना?

बाईंनी पिशवीतून एक जुनी, कडा फाटलेली चोपडी काढली. तोच अहवाल. कुठेही बोलायला गेल्या की त्या आधी हा समोर ठेवतात आणि सांगतात, हे माझं आहे आणि हे चूक आहे. मग पुढचं बोलतात. मी ती चोपडी हातात घेतली. इतकं शिकलेलं माणूस आपली चूक अशी बरोबर घेऊन हिंडतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. माझ्या ओळखीत मोठी माणसं कमी नाहीत, पण मला त्या क्षणी त्यांच्याएवढं मोठं कोणी वाटलं नाही. मी त्यांना तसं सांगितलंही, मोडक्या इंग्रजीत. त्या म्हणाल्या, मग फॉर्म कधी उघडायचा?

त्याच संध्याकाळी शहापूरच्या खोलीत बसून मी कागद लिहिला. तीन वर्षं, नऊ घरं, भेटी एकेकच, बाकी तारखा खोट्या. बाईंनी त्यातला शब्दही सांगितला नाही. मी दोनदा मागितला, तरी नाही. फक्त दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा माझ्या कागदाशेजारी त्यांनी आपली फाटकी चोपडी ठेवली. साहेबांनी दोन्ही बघितलं. मी माझा कागद मोठ्यानं वाचला, सवयीप्रमाणे, आणि "तारखा खोट्या" या शब्दांपाशी माझा आवाज चिरकला. त्या दोन शब्दांइतकं जड मी आयुष्यात काही वाचलेलं नाही.

साहेब चांगले आहेत, पण नियम नियम. माझं पर्यवेक्षकपण काढून घेतलं आणि मला पुन्हा साधं फॉर्म भरणाऱ्या मुलींत घातलं. त्यातली एक माझ्या लेकीच्या वयाची, ती आता मला घरं वाटून देणार होती. घरी येऊन मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हटलं आणि उशीत तोंड खुपसून रडले. सत्य सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात, मला तर दोन दिवस काहीच हलकं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, की म्हातारीचं नाव यादीत चढलं. मग मात्र जीव भांड्यात पडला.

नऊ घरं पुन्हा बघितली. या वेळी घराला वळसा घालून, दोन्ही दारांशी हाक मारून. सात खरंच रिकामी होती. म्हातारीच्या घराखेरीज आणखी एका घरात एक पोटुशी बाई निघाली, नवव्या महिन्यातली, कामाला येऊ नकोस म्हणून भट्टीवरून परत पाठवलेली. तिची नोंद कुठेच नव्हती. तिला दुसऱ्याच दिवशी पाड्याच्या आशाताईशी जोडून दिलं. मलावीच्या बाईंनी त्या दोन घरांवर पानभर टिपण लिहिलं आणि मला दाखवून विचारलं, सगळं बरोबर आहे ना, तुमचं नाव घालू का? मी म्हटलं, चूक माझी आहे, नाव कशाला? त्या म्हणाल्या, पाडा दाखवणाऱ्या तुम्हीच ना? शेवटी नाव कोणाचंच घातलं नाही, पण मला विचारलं गेलं होतं.

त्या गेल्या तेव्हा त्यांना नाचणीचं पीठ दिलं. छत्री त्या मला ठेवून गेल्या.

म्हातारीला न्यायला सून भट्टीवरून दोन दिवस सुटी काढून आली. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्या. दुसऱ्यात काही उरलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभर आधी आली असती तर तोही वाचला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. आजही नको आहे.

महिन्याभरानं तपासणीचा फॉर्म भरायला मीच गेले, हट्ट करून. पुढच्या दाराची काटी बाजूला काढून ठेवलेली होती आणि म्हातारी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, एकेक खडा वेचून. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ओळख दाखवली नाही. कशी दाखवणार, तिनं माझा चेहरा कधी बघितलाच नव्हता. मी शेजारी बसले, टॅब काढला आणि सुरुवात केली. "डावा डोळा. दिसतं. पाणी येत नाही. थेंब चालू. पुढे."

म्हातारी हसली. सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि म्हणाली, "बंद. पुढचं घर."

अगदी माझ्याच सुरात. मला क्षणभर कळेना.

"त्येच म्हंतेस ना तू," ती म्हणाली. "तीन वरसां आयकलंय गो. पयल्या वर्साला उठून दाराशी आले, चाचपत, तवर तू गेलेलीस. दुसऱ्या वर्साला आधीच दाराशी बसले व्हते. पन काटी भायेरनं बांधलेली, मला सोडता येईना. हाक मारनार, तवर तू म्हनलीस, बंद. मला वाटलं, माझं नावच नको आसंल तुमाला."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्याला उठलेच नाय."

माझी मान खाली गेली. टॅबवर पाणी पडलं ते मी पदरानं पुसलं. मग विचारलं, त्या दिवशी आम्ही मागच्या दारानं आलो, तेव्हा मी बोलत होते. तेव्हा ओळखलं नव्हतंस का?

"आवाजावरनं लगेच वळखलं."

"मग बोलली का नाहीस, आजी?"

"तू पयल्यांदाच घरात आलेलीस," ती म्हणाली. "घरी आलेल्या मानसाला आसं कोन बोलतं?"

तिनं मग विचारलं, ती दुसरी बाय कुठं हाय, जिचं बोलणं मोडकं होतं ती. मी म्हटलं, तिच्या देशात गेली, लांब. मोबाइलमध्ये फोटो होता, वाण्याच्या दुकानासमोर काढलेला, हातात छत्री. मी तो मोठा करून तिच्या डाव्या डोळ्यापुढे धरला. तिनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला, उजेडाकडे वळवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आशी दिसते व्हय ती," म्हातारी म्हणाली. "हिनंच इचारलं, घरात कोन कोन हाय."